पुरात भिजलेला ट्रक स्वस्तात मिळतोय, घ्यायचा का?

मागच्या रविवारी चुलतभाऊ आमच्या चामराजपुरमच्या घरी आला, तो म्हैसूरपाकाचा पुडा घेऊनच. बंडीपाळ्याच्या एपीएमसीतून भाजी भरून चामराजनगरपर्यंत पोचवायची, हा त्याचा धंदा. आजवर सगळं भाड्याच्या गाडीवर चाललं. आता स्वतःचा ट्रक मिळत होता. एमएच 09, म्हणजे कोल्हापूरची गाडी. बाजारात सहा लाखांना जाईल अशी, पण दलाल चारलाच द्यायला तयार.

सगळे खूश झाले. वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "अहो, दोन लाख कमी का, ते विचारलंत का?"

विचारलं होतं. "2021 च्या पुरात थोडी भिजली होती, आता एकदम ओके आहे," असं उत्तर मिळालं होतं.

तुमच्या घरातही कधी असा स्वस्त सौदा आला, तर वहिनीचा हा प्रश्न विसरू नका. ट्रक, टेम्पो, कार, सगळ्यांना तो लागू आहे.

थोडी म्हणजे किती?

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं आणि पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं. ऑगस्ट 2019 मध्येही हा महामार्ग असाच बंद पडला होता. सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूच्या सोसायट्यांत महागड्या गाड्या बुडालेल्या आपण टीव्हीवर पाहिल्या. पूर ओसरला की अशा गाड्या धुतल्या जातात, रंगवल्या जातात आणि बऱ्याचदा लांबच्या गावी विकल्या जातात. तिथे त्यांचा इतिहास कुणाला माहीत नसतो.

म्हणून तीन गोष्टी विचारा. पाणी कुठवर आलं होतं? किती दिवस होतं? आणि पाण्यात असताना गाडी चालू करायचा प्रयत्न झाला होता का?

चाकांपर्यंत आलं असेल, तर बेअरिंग, ब्रेक आणि डिफरन्शियलचं तेल बदलून काम भागू शकतं. केबिनमध्ये शिरलं असेल, तर वायरिंग भिजलेलं असणार. डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल, तर तो सौदा सोडलेला बरा. पाण्यातच स्टार्टर मारला असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

इंजिन उघडून दुरुस्त करता येतं. खरा त्रास वायरिंगचा. कनेक्टरच्या आतला गंज हळूहळू वाढतो आणि आज नीट चालणारी गाडी सहा महिन्यांनी रात्री रस्त्यात बंद पडते. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत हा त्रास कमी. बीएस4 आणि एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 गाड्यांत सेन्सर आणि कंप्युटर असल्याने तो बराच जास्त.

कागद काय सांगतात?

आपल्याकडे आरसीवर पुराचा शिक्का नसतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी सहसा ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते. पण तीच गाडी भंगाराच्या भावात विकली जाऊन, दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकते.

यावर एक सोपा उपाय आहे. पुराच्या आधीची आणि नंतरची विमा पॉलिसी मागा. आधी नो क्लेम बोनस 35 टक्के आणि नंतर एकदम शून्य दिसला, तर मध्ये क्लेम झाला असण्याची दाट शक्यता आहे. पॉलिसी दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर तेही उत्तरच समजा. शिवाय गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि कर हा खर्च वेगळा.

हिशेब मांडून बघा

आम्ही वहीत मांडला. समजा, दोन लाख वाचले. त्यातून नवं वायरिंग, ब्रेकचं काम, सगळी तेलं आणि इथली नोंदणी. वर्षात गाडी तीस दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि रोजचे अडीच हजार बुडाले, तर 75 हजार गेले. भाजी वेळेत पोचली नाही म्हणून तुटलेलं गिऱ्हाईक तर वहीत लिहिताच येत नाही. ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे किंवा ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, त्याला हा सौदा परवडेल. ज्या घराचा महिना एकाच गाडीवर चालतो, त्याला नाही.

तरी आम्ही ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गाडी बघायला गेलो. बाहेरून ती चकाचक होती. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. डॅशबोर्डखाली हात घातला, तर बोटांना वाळलेला गाळ लागला. "थोडी भिजली" म्हणजे स्टिअरिंगपर्यंत बुडाली होती.

दादा परत येताना गप्प होता. मग म्हणाला, "पैशाचं जाऊ दे. माल भरून उतारावर असताना ब्रेकने दगा दिला असता तर?" त्यावर कुणी काही बोललं नाही. गाडी तोच चालवणार होता.

सध्या तो भाड्याच्याच गाडीवर आहे. पैसे साठले, की जुनी चालेल, पण कोरडी गाडी घेणार आहे.

तुम्ही अशी गाडी बघायला जाणार असाल, तर दिवसाउजेडी जा, मेकॅनिक सोबत न्या आणि टोकन देण्याआधी सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा. आणि तुमचीच गाडी पुरात भिजली असेल, तर विकताना खरं सांगा. ती गाडीही कुणाच्या तरी घरातला माणूसच चालवणार आहे.