बारावी सफर

चंपानगरीच्या माकंदी सार्थवाहाचे दोन पुत्र, जिनपालित आणि जिनरक्षित, अकरा वेळा समुद्रापार जाऊन व्यापार करून आले होते. अकराही वेळा गलबत सुखरूप परतले आणि नफाही पदरी पडला. बाराव्या वेळी मातापित्यांनी नको म्हटले. घरात कशाची उणीव नाही, ही सफर संकटाची ठरेल, असे परोपरीने सांगून पाहिले. मुलांनी ऐकले नाही. भर समुद्रात वादळाने गलबत फुटले आणि दोघे भाऊ एका फळीच्या आधाराने रत्नद्वीपाच्या किनाऱ्याला लागले. श्वेतांबर आगमांतील सहावे अंग असलेल्या ‘ज्ञाताधर्मकथे’च्या नवव्या अध्ययनात ही कथा येते.

संकटातून तगून निघणाऱ्या माणसांच्या अशा कथांना सोयीसाठी ‘बचावकथा’ म्हणता येईल. डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही १७१९ सालची कादंबरी या प्रकाराचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईत बर्फ पडू लागतो आणि आधी इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञाचे कोणी ऐकलेले नसते. या कथा करमणुकीसाठी वाचल्या जातात आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या घराचा चरितार्थ मालाच्या ये-जा करण्यावर चालतो, त्या घरात त्यांचा आणखी एक उपयोग होऊ शकतो. संकट प्रत्यक्ष उंबरठ्यावर येण्यापूर्वी एकदा मनाने त्यातून जाऊन पाहता येते. न्हावा शेवा बंदरातून ज्यांचा माल उतरतो किंवा चढतो, त्यांना तर हा सराव मुळीच दूरचा वाटू नये.

माकंदीपुत्रांच्या कथेतील पहिला बोध ‘अकरा’ या आकड्यात आहे. सुखरूप पार पडलेली प्रत्येक सफर थोडे शहाणपण देते आणि थोडी सावधगिरी काढून घेते. गोदामाला कधी आग लागली नाही, म्हणून अग्निशामक नळकांड्याची मुदत कोणी पाहत नाही. माल नेहमी वेळेवर येतो, म्हणून सागरी विम्याचे कागद न वाचताच कपाटात जातात. अकरा सफरींचा अनुभव बाराव्या सफरीची हमी देत नाही, हे पेढीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही व्यवहार मात्र हमी मिळाल्यासारखाच चालतो.

न्हावा शेवाने अशा दोन बाराव्या सफरी पाहिल्या आहेत. येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि देशातील कंटेनर वाहतुकीचे प्रमुख द्वार बनले. ७ ऑगस्ट २०१० रोजी, ऐन पावसाळ्यात, या बंदरातून बाहेर पडलेले ‘एम. एस. सी. चित्रा’ हे जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका बाजूला कलले. त्यावर १,२०० हून अधिक कंटेनर होते. त्यांतील शेकडो समुद्रात पडले, इंधनतेल पाण्यावर पसरले आणि काही कंटेनरांत कीटकनाशके असल्याने किनाऱ्यावरील गावांना वाहून आलेल्या वस्तूंना हात न लावण्याचा इशारा द्यावा लागला. तरंगत्या कंटेनरांमुळे जलमार्ग धोक्याचा झाला आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांतील जहाजांची ये-जा काही दिवस थांबली. ज्या व्यापाऱ्यांचा त्या जहाजाशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचाही माल अडकला.

दुसरे संकट वादळाचे नव्हते आणि पाण्याचेही नव्हते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी विषाणू जगभर पसरला. त्याचा उगम युक्रेनमध्ये, हिशेब ठेवण्यासाठी आणि कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीची संगणकयंत्रणा काही तासांत कोलमडली आणि त्याच समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेवाचे गेटवे टर्मिनल ठप्प झाले. क्रेन जागेवर होत्या, जहाजे धक्क्याला होती. परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कोठे ठेवायचा, हे सांगणारी वहीच नाहीशी झाली होती. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा जपणाऱ्या मुख्य सर्व्हरांच्या जगभरातील प्रती पुसल्या गेल्या होत्या. एक प्रत मात्र घानातील कार्यालयात शाबूत सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते, एवढेच त्याचे कारण.

जी गोष्ट घानात योगायोगाने घडली, ती ठरवून करणे याचेच नाव पूर्वतयारी.

रॉबिन्सन क्रूसोकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर तो पराक्रमी वीर म्हणून फारसा डोळ्यांत भरत नाही. तो व्यवस्थित मुनीम म्हणून लक्षात राहतो. फुटलेल्या जहाजावर तो पुनःपुन्हा जातो आणि बिस्किटे, तांदूळ, हत्यारे, दोरखंड, शिडाचे कापड, कागद आणि शाई किनाऱ्यावर आणतो. काय हाती लागले, याची मोजदाद करतो. मन खचू लागते तेव्हा जमा-नावे मांडावी तशी दोन रकाने आखून एकीकडे आपले दुर्दैव आणि दुसरीकडे शिल्लक राहिलेले भाग्य लिहून काढतो. जहाजावर सापडलेल्या नाण्यांना तो निरुपयोगी म्हणतो, आणि तरीही बरोबर घेतो. माणसाचा स्वभाव डिफोला चांगलाच ठाऊक होता. व्हर्नच्या ‘गूढ बेटा’वर तर माणसे जवळजवळ रिकाम्या हातांनी उतरतात. एका मुलाच्या कोटाच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा सापडतो आणि तो खाऊन टाकण्याऐवजी पेरला जातो. भाताचे पाच दाणे जपून पेरणाऱ्या रोहिणीची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

येथे जैन घरात एक प्रश्न साहजिकच उठतो. संकटासाठी साठा करणे हा परिग्रह नव्हे काय? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अनेक शहरांत दुकानांतील माल एकाएकी घराघरांत गेला आणि ज्याच्या हाती रोजची मजुरी होती, त्याला फळ्या रिकाम्या दिसल्या. भयाने केलेला तो संग्रह होता. पूर्वतयारीचे स्वरूप वेगळे असते, कारण तिला परिमाण असते. किती माणसे, किती दिवस, किती शेर, हे आधी ठरते आणि तेथेच थांबते. तिची वेळही वेगळी असते. बाजारात मुबलक असताना थोडे घेऊन ठेवणाऱ्याला टंचाईत दुसऱ्याच्या तोंडचे काढून घ्यावे लागत नाही. ‘ज्ञाताधर्मकथे’च्या आठव्या अध्ययनात चंपेचे व्यापारी समुद्रावर निघतात, तेव्हा त्यांच्या गलबतावर विक्रीच्या मालाबरोबर तांदूळ, पीठ, तेल, तूप, गूळ, पाणी, भांडी, औषधे, लाकूड आणि कापडही चढवले जाते. सफरीचा काळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती यादी आहे.

घरासाठी अशी यादी तीन दिवसांची धरावी. पिण्यासाठी आणि अत्यावश्यक वापरासाठी माणशी रोज तीन-चार लिटर पाणी, आणि ते गाळून-उकळून घेण्यासाठी गळणे, एक छोटी चूल व इंधन. चूल न पेटवता आणि सूर्यास्तापूर्वी खाता येईल असा कोरडा शिधा: खाखरे, भाजलेले चणे, कुरमुरे, गूळ, सुका मेवा. मदतकेंद्रातील जेवणात कांदा-बटाटा असण्याचा संभव असल्याने घरातील वडीलधाऱ्यांची आबाळ या शिध्यामुळे टळते. वृद्धांची रोजची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, विजेरी, थोडी रोख रक्कम आणि जलाभेद्य पिशवीत महत्त्वाच्या कागदांच्या नकला. ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०१ अग्निशमन दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि कुटुंबातील चौघांचे दूरध्वनी क्रमांक मोबाइलमध्ये असतातच. ते कागदावरही असावेत. मोबाइल बंद पडल्यावर स्वतःच्या पत्नीचा किंवा मुलाचा क्रमांक पाठ नसल्याचे अनेकांना तेव्हाच कळते.

पेढीसाठी २०१७ चा धडा सोपा आहे. हिशेबाची आणि मालाच्या कागदांची एक प्रत दर आठवड्याला वेगळ्या साधनावर घ्यावी आणि ते साधन संगणकापासून काढून दुसऱ्या इमारतीत ठेवावे. कायम जोडलेली प्रत विषाणूलाही तितकीच जवळ असते. बिल ऑफ लेडिंग, विम्याची पॉलिसी, कस्टम्स एजंटाचा आणि वाहतूकदाराचा पत्ता एका कागदी फाइलमध्ये असावा. वर्षातून एक दिवस संगणक न उघडता कामकाज चालवून पाहावे. कोणते काम कोणाच्या केवळ स्मरणशक्तीवर चालले आहे, हे त्या दिवशी आपोआप उघड होते.

गोदामाची गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण तेथे माणसाचा जीव गुंतलेला असतो. धान्य, कडधान्ये, मसाले यांच्या कंटेनरांत कीड मारण्यासाठी अनेकदा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. बंद कंटेनर उघडला की पहिला आत शिरणारा हा मालक नसतो, हमाल असतो. धुरीचा कागद पाहिल्याशिवाय, दारे उघडून पुरेसा वेळ हवा खेळू दिल्याशिवाय आणि वायू निघून गेल्याची तपासणी झाल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये. अशा गोळ्यांच्या साठ्याला आग लागली, तर पाण्याचा मारा विषारी वायू वाढवतो. म्हणूनच आत काय ठेवले आहे याची यादी गोदामाच्या आत टांगून उपयोग नाही. ती दरवानाच्या हाती, फाटकाजवळ असली पाहिजे, म्हणजे बंब येताच ती अग्निशमन दलाला देता येईल. अहिंसेचे पालन ताटापुरते मर्यादित नसेल, तर त्याची एक कसोटी या फाटकावर लागते.

बचावकथांमध्ये एक उणीवही आहे. त्यांतील नायक बहुधा एकटा असतो आणि परका माणूस हा संशयाचा विषय असतो. महाराष्ट्राचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कंबरभर पाण्यात अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळ्या केल्या, वस्त्यांतील लोकांनी वाटसरूंना चहा-बिस्किटे दिली, रात्रीचा आसरा दिला. ‘ज्ञाताधर्मकथा’ येथेही अधिक जाणती ठरते. माकंदीपुत्रांना सुटकेचा मार्ग सांगतो तो सुळावर चढवलेला, मरणाच्या दारातला एक अनोळखी अश्वव्यापारी. म्हणून तयारीच्या यादीत शेजाऱ्याचे नाव, शेजारच्या गोदामाच्या दरवानाचे नाव आणि ज्याला उचलून न्यावे लागेल अशा वृद्धाचे नाव असणे आवश्यक आहे.

त्या कथेतील शेवटचा बोध सर्वांत कठीण आहे. शैलक यक्ष अश्वरूप घेऊन दोघा भावांना पाठीवर बसवतो आणि एकच अट घालतो: रत्नद्वीपाची देवी मागून आर्जवे करील, तिच्या बोलण्याने मन चळू देऊ नये. जिनरक्षिताचे मन विरघळते, तो मागे वळून पाहतो आणि प्राणाला मुकतो. जिनपालित समोर दृष्टी ठेवून चंपेला पोहोचतो. आग लागलेल्या दुकानातून बाहेर पडलेला माणूस गल्ल्यासाठी, वह्यांसाठी किंवा नव्या मालासाठी परत आत जातो, तेव्हा तो हेच मागे वळून पाहणे असते.

सागरी व्यापाराने या मोहावर फार पूर्वी एक उपाय शोधला. जहाज आणि त्यावरील माणसे वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात टाकावा लागला, तर तो तोटा त्या एकट्याचा न मानता ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी वाटून घ्यावा, असा ऱ्होड्स बेटाचा नियम सहाव्या शतकातील रोमन कायदेसंग्रहात नोंदवलेला आहे. आजही तो ‘जनरल ॲव्हरेज’ या नावाने, यॉर्क-अँटवर्प नियमांनुसार चालतो. तशी घोषणा झाली की विमा असलेल्या व्यापाऱ्याचा माल विमा कंपनीच्या हमीवर सुटतो; विमा नसलेल्याला स्वतःचा माल शाबूत असूनही रोख अनामत भरावी लागते. नियमामागचा विचार असा, की तोटा वाटला जाणार हे आधीच ठरलेले असेल, तर ऐन वेळी माल सोडून द्यायला हात धजतो.

कुटुंबातही असे काही आधीच ठरवून ठेवता येते. आग लागली, पाणी चढले, तर कोणी कोणाला घेऊन निघायचे, कोठे भेटायचे, आणि कोणत्याही वस्तूसाठी कोणीही परत आत जायचे नाही, हे मालकाने स्वतःच्या तोंडाने मुलांना आणि नोकरांना सांगितलेले असावे. माल गेला तर जाब विचारला जाणार नाही, हा शब्द नोकराला संकटापूर्वी मिळालेला असला पाहिजे. वर उल्लेखिलेली तिन्ही संकटे जून ते ऑगस्ट या काळातली आहेत. चातुर्मासापूर्वी घरातील धान्य, मसाले निवडून, वाळवून ठेवले जातात. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ या संभाषणासाठी काढणे कोणत्याही घराला जड नाही.