भंगाराचा भाव भट्टीवर ठरतो, तोटा मात्र घिवलीच्या दारात

टेम्पो दारात येतो, सगळा माल एकत्र काट्याला लागतो, एकच दर सांगितला जातो. घिवलीसारख्या गावात घरच्यांचा तोटा होतो तो इथेच.

कारण डेपोत गेल्यावर तोच माल वेगळा होतो. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. त्यातही पातळ पत्रा, जाड लोखंड आणि बीड यांचे दर वेगळे. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं यांचे ढीग निराळे. तांब्याला किलोमागे लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो. मग बोटीचा पितळी पंखा, जाळ्याचं शिसं, जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग लोखंडाच्या भावात का द्यायचं? घरातलं एक साधं चुंबकही बरंच काही सांगतं.

पुढे जाड माल गॅस कटरने कापतात, पत्र्याच्या दाबून गाठी करतात आणि भट्टीला विकतात. जालन्याच्या सळई कारखान्यांचा कच्चा मालही मुख्यतः हाच. भट्टीने दर पाडला की गावातला दर लगेच पडतो. वाढला तर मात्र बातमी उशिरा पोहोचते!

कराचं कारण सांगून कोणी पैसे कापत असेल तर एवढं लक्षात ठेवा: १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी भरायचा तो नोंदणीकृत व्यापाऱ्याने. काट्यावर वैधमापन विभागाची चालू मोहर आहे का, हेही बघा.

आणि एमआयडीसीतून आलेला रसायनाचा ड्रम स्वस्तात मिळाला, तरी पाण्याला वापरू नका. २०१६ च्या नियमांनुसार असे ड्रम घातक कचऱ्यात मोडतात.