आधी महिना ठरवा, मग पिशव्या भरा

आमच्या वस्तीतल्या एका भगिनीने परवा विचारले, "मी कामाला जाते त्या घरचे आफ्रिकेला जाऊन आले. आधी सिंह-हत्ती पाहिले, मग समुद्रावर चार दिवस राहिले. आपल्याला असे काही जमेल का हो?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राबणाऱ्या माणसालाही विसावा हवा, आणि आपल्या लेकरांनीही जंगल आणि समुद्र पाहिला पाहिजे. आपल्या सिंधुदुर्गात वर आंबोली आहे, खाली वेंगुर्ले-मालवणचा किनारा आहे. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे. मग अडचण कसली? महिन्याची!

हे आम्ही पैसे घालवून शिकलो. भिशीचे पैसे जमले तसे जुलैत चार कुटुंबे निघालो. आंबोलीत मुले धबधब्याखाली नाचली. दुसऱ्या दिवशी मालवण गाठले, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद! समुद्र खवळलेला. किल्ला समोर दिसत होता आणि मुले किनाऱ्यावर भिजत उभी होती. वर्षभर पैसे साठवणारी एक माउली म्हणाली, "आता पोरीला काय सांगू?" चूक आमचीच होती. जाण्यापूर्वी कुणालाच विचारले नव्हते.

टांझानियात सेरेंगेटीचे प्राणी पाहून झांझिबार बेटावर जाणारे लोकसुद्धा आधी ऋतू पाहतात. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस, म्हणून बहुतेक जण ते महिने टाळतात. आपणही तसेच करावे.

जंगल पाहायचे तर पावसाळ्यात आंबोलीला जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात पाऊस अतोनात पडतो. सिंह नसले तरी इथले बेडूक पाहायला लांबलांबचे अभ्यासक येतात. एक भेक तर आंबोलीच्याच नावाने ओळखला जातो. हिरवागार उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो आणि पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, म्हणून २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. रात्री जायचे तर गावातला जाणकार माणूस सोबत घ्यावा. विषारी घोणसही तिथे असतात. बॅटरी आणि पायात बूट हवेत. कशालाही हात लावू नये.

समुद्र पाहायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. होड्या चालू असतात, हवा सुखाची असते. तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी गावच्या मच्छीमारांना विचारावे. पावसाळ्यात मात्र मुलांना लाटांत मुळीच सोडू नये.

दोन्ही एकाच फेरीत हवे असेल तर शाळेच्या दिवाळीच्या सुटीत जावे. बेडूक फारसे दिसणार नाहीत, पण रान हिरवे असते, धबधब्याला थोडे पाणी असते आणि होडीही मिळते.

आणखी एक सांगायचे. सहलीला स्टोव्ह आणि पातेली बांधून नेऊ नका. खर्चात काटकसर करा, हवे तर एक मुक्काम कमी करा. पण ते तीन दिवस घरच्या बाईने चुलीपुढे बसता कामा नये. विसावा तिलाही हवाच ना?