थेसिजरची सुई

अर्नेस्ट थेसिजर म्हटलं की लोकांना आठवतो १९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधला काडीपैलवान, विक्षिप्त डॉक्टर प्रिटोरियस. (व्हाइसरॉय चेम्सफर्डचा हा चुलतभाऊ बरं का!) नाटकवाले फार तर १९२४चं शॉचं 'सेंट जोन' काढतील. मला मात्र त्याचे हात आठवतात. पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये जखमी झालेले. पण गडी भरतकामातला दर्दी! जायबंदी सैनिकांनीही सुईदोरा हाती घ्यावा म्हणून खटपट केली, १९४१ साली भरतकामावर पुस्तक लिहिलं. हे सगळं 'विक्षिप्त नटाचा छंद' म्हणून एका ओळीत उरकतात, ते मला अजिबात पटत नाही. प्रिटोरियस बरण्यांमधली इवली माणसं दाखवतो ना, तेव्हा त्याच्या बोटांकडे बघा...