देवाचा चांगुलपणा आणि माणसाचा हिशेब

मराठी ख्रिस्ती घरांत वाचल्या जाणाऱ्या पवित्र शास्त्रावर प्रकाशकाचा पत्ता बहुधा बेंगळुरूचा असतो, कारण बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय तेथील महात्मा गांधी रस्त्यावर आहे. याच शहरातील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात १९१० पासून ईश्वरविज्ञानाचे शिक्षण दिले जाते. आणि याच शहरातील अनेक उपासनांत नोकरी लागली, परदेशाचा व्हिसा मिळाला, घराचे कर्ज मंजूर झाले, म्हणून देव चांगला आहे, अशी 'साक्ष', म्हणजे मंडळीपुढे उभे राहून दिलेली अनुभवाची ग्वाही, वारंवार ऐकू येते. अशी कृतज्ञता योग्यच आहे. खंडन करायचे आहे ते तिच्या पोटात दडलेल्या अनुमानाचे, की देवाचा चांगुलपणा माणसाच्या पदरात काय पडले यावरून मोजता येतो.

हा झाला पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडायची प्रतिपक्षाची बाजू. नवल असे की संशयवादीही याच गृहीतकावर उभा असतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली, तेव्हा देवाचा चांगुलपणा कोठे होता, असे तो विचारतो, आणि समृद्धीच्या हिशेबाने देवाची थोरवी सांगणाऱ्याजवळ त्यावर उत्तर नसते, कारण जमेच्या बाजूवर जो विश्वास उभा राहिला तो खर्चाच्या बाजूने कोसळणारच.

या हिशेबाची पुरती परीक्षा जिच्या आयुष्यात झाली ती पंडिता रमाबाई आजच्या कर्नाटकातलीच. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात तिचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी पंडितांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडले. वर सांगितलेल्या दुष्काळाच्या आधीच एक दुष्काळ आला तेव्हा धनप्राप्तीसाठी सांगितलेली अनुष्ठाने त्यांनी तीन वर्षे केली, दाने दिली, पैसा संपला तेव्हा दागिने आणि भांडी विकली, अखेर रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ च्या सुमारास वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीण गेली. देवाशी केलेला व्यवहार फसला की श्रद्धा कशी विझते, हे रमाबाईने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. तिच्या या अनुभवावर बोट ठेवून हिंदू कर्मकांडाला हसणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने जरा थांबावे: अनुष्ठानाच्या जागी दशमांश आणि उपासप्रार्थना ठेवली, पण अपेक्षा तीच राहिली, तर व्यवहार बदलत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक भाविक आहे आणि म्हणूनच अधिक घातक. देव दुःख पाठवतो ते शील घडवण्यासाठी, असे तो म्हणतो. येथे शील म्हणजे केवळ सदाचार नव्हे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, सहनशीलता, ममता, इंद्रियदमन इत्यादींना आत्म्याचे फळ म्हटले आहे, तो माणसाचा हळूहळू पालटत जाणारा स्वभाव येथे अभिप्रेत आहे. हा पालट दुःखातही होतो, हे खरेच. परंतु रमाबाईचे शील घडावे म्हणून तिची आई उपाशी मेली असे म्हणणे म्हणजे एका माणसाच्या मरणाला दुसऱ्याच्या पाठ्यपुस्तकातला धडा करणे होय, आणि असा देव चांगला म्हणता येणार नाही. आधाराला रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय दिला जातो, जेथे संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा अशी मालिका येते. पण ही मालिका अध्यायाच्या आरंभी येत नाही. त्याआधी देवाशी झालेला समेट आहे. म्हणजे विश्वास हे संकटाचे फळ नसून संकटात पाय रोवायची जमीन आहे. संकट चांगले असते, असे पौल कोठेही म्हणत नाही. ईयोबाच्या पुस्तकातही देव ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही, उलट कारणे सांगणाऱ्या मित्रांवरच तो रागावतो.

आता मंडन, म्हणजे स्वतःची बाजू. विश्वास म्हणजे प्रश्न गिळणे नव्हे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईने त्यानंतरही तेथील मठातली सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि धर्माधिकाऱ्यांच्या अधिकारावर निर्भीड वाद घातला; धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे तिने त्या काळाविषयी पुढे नमूद केले, आणि अंतःकरणाची खात्री पटायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. एका सभेत हात वर करून शील येत नाही, हे तिच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

त्या खात्रीचे काय झाले, हे पाहिले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेली. भुकेची ओळख असल्यामुळे छावण्यांतील मुलींकडे तिला परक्या नजरेने पाहता आले नाही, आणि तिने सुमारे तीनशे मुली आणून केडगावच्या आपल्या संस्थेत आसरा दिला. तेथे त्या शेतात राबल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना रमाबाईची कन्या मनोरमा ब्रेल शिकवी. देव चांगला आहे याचा पुरावा रमाबाईने दुष्काळात शोधला नाही. देव चांगला आहे असे मानून दुष्काळग्रस्तांशी कसे वागावे, ते तिने ठरवले. विश्वास आणि शील यांचा खरा संबंध हाच आहे, आणि समृद्धीच्या साक्षीत नेमका तोच हरवतो. ज्या मनोरमेने संस्था पुढे चालवावी अशी अपेक्षा होती ती १९२१ मध्ये वारली. दुःखात बुडालेल्या आईने तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत चाललेले शास्त्राचे भाषांतर सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिचे निधन झाल्यानंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झाले.

संशयवाद्याचा प्रश्न याने सुटत नाही. उपाशी मेलेल्यांच्या मरणाचे कारण रमाबाईजवळ नव्हते आणि कोणाही ईश्वरविज्ञान्याजवळ नाही. पण कारण ठाऊक नसताना ज्याच्या हातून चांगुलपणा घडतो त्याचा विश्वास पोकळ ठरवता येत नाही. म्हणून बेंगळुरूच्या आणि महाराष्ट्राच्या मंडळ्यांनी साक्षीच्या वेळी ज्यांचा व्हिसा नाकारला गेला, ज्यांचे मूल दगावले, ज्यांची प्रार्थना अजून अनुत्तरित आहे, त्यांनाही उभे राहू द्यावे, आणि त्यांना कारण सांगण्याची घाई करू नये.