नववीचे गणित आणि गाळण्याची हौस

नववीच्या गणितात मागे पडलेल्या मुलाला शाळेने हात द्यावा की नाही, हा वादाचा विषय होऊ शकतो असे मला कधी वाटले नव्हते. अलीकडे एका शिक्षणविषयक परिसंवादात एका अनुभवी गृहस्थांनी तो वादाचा केला. वाईट याचे वाटले की सभागृहातल्या बऱ्याच शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गणित मुळात डोक्यात असावे लागते, ते वरून ओतता येत नाही. प्राथमिक शाळेत ज्यांचा पाया कच्चा राहिला त्यांना नववीत वजाबाकी-भागाकार शिकवत बसणे हे माध्यमिक शिक्षकाचे काम नव्हे. जादा तासांनी मुले परावलंबी होतात. आम्हाला कोणी जादा तास घेतले होते? रामानुजनला घेतले होते? नववी हे चाळणीचे वर्ष आहे, चाळणीला तिचे काम करू द्यावे.

‘आम्हाला कोणी घेतले होते’ या मुद्द्याला उत्तर एका वाक्याचे आहे: त्यांच्या वर्गातली जी मुले गणितामुळे शाळा सोडून गेली, ती त्या सभागृहात बोलायला नव्हती.

रामानुजनचे नाव मात्र असे सोडून देता येत नाही, कारण या वादात ते नेहमी चुकीच्या बाजूने उभे केले जाते. कुंभकोणमला त्यांच्या घरी कॉलेजचे विद्यार्थी भाडेकरू म्हणून राहत, आणि लहानपणी त्यांच्याकडून हा मुलगा गणित शिकत होता. पुस्तके त्याला इतरांनी आणून दिली. पुढे कॉलेजात बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. म्हणजे चाळणीने आपले काम चोख केले होते आणि रामानुजन गाळले गेले होते. त्यानंतर रामचंद्र राव या गणितप्रेमी अधिकाऱ्याने दरमहा पैसे दिले, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळवून दिली गेली, १९१३ मध्ये इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांनी एका अनोळखी कारकुनाचे पत्र गांभीर्याने वाचले. ज्या माणसाला वाटेत इतक्या जणांनी हात दिला, त्याचे उदाहरण हात न देण्यासाठी वापरणे मला सहन होत नाही.

आता ‘पाया कच्चा’. या शब्दांवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण शिक्षकांच्या खोलीत नववीच्या गणिताबद्दल जे काही बोलले जाते ते बहुतेक याच दोन शब्दांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पाया कच्चा म्हटले की दोष प्राथमिकच्या बाईंचा, पाचवी ते आठवीच्या सरांचा, पालकांचा, सरकारच्या ढकलगाडीचा. नववीच्या वर्गात उभा असलेला माणूस मोकळा.

पहिली गोष्ट, हे निदान नाही. एक साधे उदाहरण घ्या: ५ − (क्ष − ३). उत्तर ८ − क्ष. नववीच्या कुठल्याही वर्गात जून महिन्यात हे उदाहरण घाला, काही मुले हमखास २ − क्ष लिहितील. तपासणारा लाल फुली मारतो आणि ‘चिन्हांचा पाया कच्चा’ असे म्हणून पुढच्या वहीकडे वळतो. त्या मुलांना बसवून ‘हे कसे केलेस, बोलून दाखव’ असे विचारले की चित्र पालटते. एकाला कंस म्हणजे नुसती सजावट वाटते. तो कंस पुसतो आणि आहे तसे लिहितो. दुसऱ्याला नियम ठाऊक आहे की कंसाबाहेर उणे असेल तर चिन्ह बदलते, पण ते फक्त पहिल्या पदाचे बदलते असे त्याने धरले आहे. तिसरी मुलगी म्हणते, ‘सर, आकडे आकड्यांशी आणि अक्षरे अक्षरांशी’. ती पाचातून तीन आधी वजा करते आणि क्ष मागून जोडते. तिघांची उत्तरे अक्षरशः सारखी. तिघांना हवे असलेले शिकवणे मात्र वेगवेगळे आहे. पहिल्याला कंस म्हणजे एक संपूर्ण संख्या हे आकड्यांवर दाखवावे लागेल. दुसऱ्याचा नियम पूर्ण करावा लागेल. तिसरीला आधी क्षच्या जागी १० घालून दोन्ही बाजूंची किंमत काढायला लावावी लागेल. एका बाजूला −२ आणि दुसऱ्या बाजूला −८ आले की तिचे तिलाच कळते. या तिघांना एकत्र बसवून ‘कंस सोडवण्याचे नियम’ पुन्हा फळ्यावर लिहून देणारा जादा तास खरोखरच वाया जातो. त्या एका बाबतीत वक्त्यांचे मला पटते. पण तो दोष मदतीचा नाही. न पाहता केलेल्या मदतीचा आहे.

गणितशिक्षणाच्या अभ्यासकांना ही गोष्ट अर्ध्या शतकापासून माहीत आहे. १९७३ मध्ये अर्लवँगर यांनी अमेरिकेतल्या बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. बेनी स्वतःच्या गतीने सोडवायच्या चाचण्यांमध्ये भराभर पुढे गेलेला, वर्गातला चांगला विद्यार्थी समजला जाणारा. बोलता बोलता कळले की त्याने अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करायची स्वतःची रीत तयार केली होती: अंश आणि छेद मिळवायचे आणि दशांश चिन्ह टाकायचे. २/१० म्हणजे १.२, आणि ४/११ काय किंवा ११/४ काय, दोन्ही १.५. गुणपत्रिकेने हे सगळे झाकून ठेवले होते. आपल्याकडच्या आठवीच्या गुणपत्रिकांनी काय काय झाकले आहे याची कल्पना नववीच्या शिक्षकाला नसेल, तर ‘पाया’ पक्का की कच्चा हे तो कशावरून ठरवतो?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती त्या भाषणात कुठेच नव्हती. नववीत गणित नुसते वाढत नाही, त्याची जात बदलते. नववीच्या पाठ्यपुस्तकाचे दोन्ही भाग उघडून बघा. पहिल्या भागात संच, मग वास्तव संख्यांमध्ये करणी, मग बहुपदी, संश्लेषक भागाकार, शेष सिद्धांत. दुसऱ्या भागात पहिल्याच प्रकरणात सशर्त विधाने, त्यांचे व्यत्यास आणि ‘पक्ष, साध्य, सिद्धता’. पुढच्या प्रकरणात समांतर रेषांसाठी अप्रत्यक्ष सिद्धता. आठवीपर्यंत मुलाने कोन मोजले, कागद दुमडून पाहिला, पडताळा घेतला आणि ते बरोबर धरले गेले. नववीत त्याला सांगितले जाते की समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे सिद्ध कर. मूल प्रामाणिकपणे म्हणते, ‘दिसतंय की सर, मोजून पण आलं.’ हा मुलगा कच्चा नाही. गेल्या वर्षापर्यंत जे चालत होते तेच तो करतो आहे, आणि ते आता का चालत नाही हे त्याला कोणी सांगितलेले नाही. पिअर व्हॅन हिले आणि डीना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये आपल्या प्रबंधांत नेमके हेच मांडले: आकृती ओळखणे, तिचे गुणधर्म जाणणे आणि त्या गुणधर्मांमधून तर्काने निष्कर्ष काढणे या वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाला वरच्या पायरीवरून बोललेले कळत नाही. मग ते मूल काय करते? सिद्धता पाठ करते. आकृतीतली अक्षरे बदलली की संपले.

करणीचेही तसेच. √२ + √३ = √५ असे लिहिणारी मुले आठवीत पहिल्या पाचांत आलेली असू शकतात. बेरजेचा जो स्वभाव त्यांनी आठ वर्षे ओळखला तोच ती इथे लावतात. ही चूक प्राथमिक शाळेत दुरुस्त करता येणारच नव्हती, कारण ही संख्याच तिथे नव्हती. प्राथमिक शिक्षण आदर्श झाले तरी नववीत मदत लागेल. ज्याला हे मान्य नाही त्याने नववीचे गणित मुलाच्या बाजूने एकदाही वाचलेले नाही.

‘माझे काम नव्हे’ यावर थोडे. २०२३ च्या असर पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागातली १४ ते १८ वर्षांची मुले होती. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यांतल्या सुमारे ४३ टक्के मुलांना बरोबर जमले. म्हणजे निम्म्याहून जास्त मुले माध्यमिक शाळेच्या वयात भागाकाराशी झगडत आहेत. ती ज्या शिक्षकासमोर बसलेली असतात त्याचे हे काम नसेल, तर कोणाचे? आठवीपर्यंत निदान कायदा बोलतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून शिक्षकाने गरजेप्रमाणे जादा शिकवावे. नववीत पाऊल टाकताच तो कायदा मागे राहतो. गणित सर्वांत अवघड होते आणि हक्क संपतो, तो एकाच जून महिन्यात.

चाळणीबद्दल मला राग आहे, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. नववीत कोणाला अडकवले जाते आणि का, हे शाळेच्या आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक प्रवेशद्वारावर लावायचा असतो. ज्यांच्यामुळे तो नव्व्याण्णव होईल ती मुले नववीतच थांबवायची किंवा पालकांना बोलावून दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सुचवायचे. याला गुणवत्ता म्हणायचे? गव्हातले खडे काढतात तसे मुलांना निवडणारी ही व्यवस्था ज्यांना अभिमानाची वाटते, त्यांनी ती निदान शिक्षण या नावाने मिरवू नये.

हा वाद वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा येतो. मध्यंतरी सामान्य गणिताचा पर्याय होता. त्याच्या बाजूने बोलणारे म्हणत, मुलांवरचा ताण गेला. मी तेव्हाही विचारत होतो की कोणत्या मुलाने सोपे गणित घ्यायचे हे नववीच्या तोंडावर कशावरून ठरते. उत्तर नेहमी ‘आठवीचे गुण’ हेच असे, आणि त्या गुणांचे मोल वर बेनीच्या गोष्टीत आले आहे. तो पर्याय गेला. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने दुसरी चर्चा झाली: दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी गुणपत्रिकेवर शेरा देऊन मुलाला पुढे जाऊ द्यावे. दयेपोटी आलेली सूचना आहे, हेतूवर मी शंका घेत नाही. पण उत्तीर्णतेची रेषा खाली आणून मुलाला ५ − (क्ष − ३) येत नाही. चाळणीवाले आणि रेषा खाली आणणारे एकमेकांचे कडवे विरोधक असले, तरी नववीच्या वर्षभरात त्या मुलापाशी बसण्याचे काम दोघेही टाळतात.

मग करायचे काय? माझ्याकडे मोठी योजना नाही, आणि योजनांवर माझा विश्वासही कमी आहे. जूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पोर्शन मागे ठेवून लहान, गुण न देणारी चाचणी घ्यावी: ऋण संख्या, अपूर्णांक, कंस, साधे समीकरण. चुकलेल्यांना उत्तर न सांगता रीत बोलायला लावावी. त्यासाठी आठवड्यातली एक तासिका वर्षभर वेळापत्रकातच असावी, शाळा सुटल्यावर नको. बस पकडणारी आणि घरी धाकट्यांना सांभाळणारी मुलगी शाळा सुटल्यावरच्या तासाला कधीच थांबू शकत नाही. जुने तुकडे वेगळे शिकवू नयेत. अपूर्णांक बहुपदीच्या सहगुणकांत आणावेत, भागाकार शेष सिद्धांताआधी आकड्यांवर करून घ्यावा, म्हणजे पुन्हा पाचवीत बसवल्याची लाज मुलाला वाटत नाही. भूमितीत सिद्धता लिहायला लावण्याआधी निदान सत्राचा अर्धा भाग कारणे तोंडी मागावीत: ‘कशावरून?’ एवढाच प्रश्न, रोज.

वेळ कुठून आणायचा, हे मला नेहमी विचारले जाते. वेळ आहे. कितीतरी शाळा जानेवारी उजाडला की नववीचा अभ्यासक्रम गुंडाळतात आणि दहावीची प्रकरणे सुरू करतात, म्हणजे पुढच्या वर्षी उजळणीला सवड मिळावी. मुख्याध्यापकांनी हे थांबवावे. दहावीच्या वर्गशिक्षकांची आणि क्लासवाल्यांची कुरकुर होईल, ती होऊ द्यावी. जानेवारीपासून एप्रिलपर्यंतच्या गणिताच्या तासिका नववीच्या मुलांच्या आहेत, आणि त्या त्यांच्याकडून घेण्याचा अधिकार शाळेला नाही.