पिकअप बदलायचा, पण कशासाठी?

दिवाळी झाल्यावर एका सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "गुरुजी, पिकअप बदलायचाय. तुमच्या नातवाला जरा इचारता का?" मी म्हटलं, "अरे, नातवाला गाड्यांतलं काय कळतं? तो पुण्यात स्कूटरवर फिरतो." आमच्या हिंगोली जिल्ह्यात पिकअप म्हणजे हळदीची पोती नेणारी गाडी, दुसरं काही नाही. तो हसायला लागला. खरं तर "बदलायचाय" हे पुल्लिंग ऐकूनच मला कळायला हवं होतं. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण वय झालं की कान असे दगा देतात. असो.

तर हा विद्यार्थी कळमनुरी तालुक्यात बँजो पार्टी चालवतो. आठ जणांचा ताफा आहे. लग्नसराई, गणपती, जयंत्या, यावर आठ घरं चालतात. त्याच्या बँजोतला पिकअप गेल्या वर्षी खराब झाला, म्हणून त्याने शहरातल्या एका दुकानातून नवा आणला. "एकदम दणका आहे, डीजेला पुरून उरेल" असं दुकानदाराने सांगितलं होतं. बसवल्यापासून रडगाणं सुरू. "आवाज निस्ता फाटायलाय गुरुजी. कंचं गाणं वाजवायलाव तेच लोकायला कळंना." दोन लग्नांच्या सुपाऱ्या हातच्या गेल्या. आता परदेशी कंपनीचा घ्यावा म्हणतो. किंमत आठ-दहा हजारांच्या घरात. पैसे बायकोच्या भिशीचे.

मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. विजेचं मला काय कळणार? पण पैसे भिशीचे आहेत हे ऐकल्यावर गप्प बसवेना. शाळेतले माझे जुने सहकारी विज्ञान शिकवायचे, तेही आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे मल्टिमीटर आहे आणि वेळही आहे. नातू फोनवर होताच. तिघांनी मिळून महिनाभर जो अभ्यास केला, त्यातून माझं एक ठाम मत झालं. ते आज मांडतो. नातेवाईक मंडळींपैकी काहींना ते झोंबेल, त्याला माझा इलाज नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. पिकअप म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. पाण्याची मोटार जळाली की आपण ती भरून आणतो ना, तिच्यात असते तशीच लाख चढवलेली तार, फक्त केसासारखी बारीक. जाडी मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतकी आणि वेढे सात-आठ हजार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी बारीकशी वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हेच तत्त्व, सहकारी मजकूर आजही ते तोंडपाठ म्हणून दाखवतात. ती वीज अँप्लिफायरमध्ये जाते आणि तिथे मोठी होते. म्हणजे पिकअप स्वतः आवाज काढत नाही. तो तारेचं ऐकतो. वाद्याचा कान म्हणा.

आता माझा पहिला आक्षेप. बाजारात पिकअप विकतात तो दणक्याच्या नावावर. मी विचारतो, कानाला दणका कशाला हवा?

दणका वाढवायचा म्हणजे वेढे वाढवायचे किंवा चुंबक जोरदार घालायचं. वेढे वाढले की वीज जास्त निघते हे खरं, पण त्याच वेळी वरचे बारीक सूर दबतात. कॉइलचा तो गुणच आहे. जास्त वेढ्यांचा पिकअप जाड आणि बोथट ऐकू येतो. बँजोची सगळी गंमत त्या खणखणीत ठोक्यात! कळ दाबली, तार छेडली की सूर टिकलीसारखा उडाला पाहिजे. ती टिकलीच या दणक्याने खाल्ली. वर, इतकी वीज मिक्सरच्या तोंडात गेल्यावर त्याला ती पेलेना, म्हणून आवाज फाटतोय. दुकानदाराने जे गुण म्हणून विकलं, तोच रोग निघाला.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. "याचा जुना सहा किलोओहमचा, आमचा चौदा किलोओहमचा, दुपटीहून ताकद!" असं सांगतात. आमच्या सहकाऱ्यांनी मल्टिमीटर लावून पाहिला, आकडा खरा होता. पण तो आकडा ताकदीचा नव्हे, तारेच्या रोधाचा. तार जरा बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात. सातवीच्या पोराने वह्यांच्या वजनावर गुण मागावेत, तशातला हा प्रकार.

या धंद्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. गिटारचे बदली पिकअप विकण्याचा व्यवसाय अमेरिकेत १९७०च्या दशकात फोफावला. लॅरी डिमार्झिओ नावाच्या माणसाने १९७२ मध्ये एक पिकअप काढला, त्याचं नावच मुळी "सुपर डिस्टॉर्शन". आवाज भरपूर फाटावा हाच त्याचा हेतू होता, कारण रॉक वाजवणाऱ्यांना तेच हवं होतं. त्यात गैर काहीच नाही. ज्याला फाटलेला आवाज हवा त्याने तसा पिकअप घ्यावा. पण वरातीत "गाणं ओळखू आलं पाहिजे" ही पहिली अट असणाऱ्या माणसाच्या गळ्यात तेच मारायचं, हे पाप आहे.

दुसरा आक्षेप माझ्या नातवावर. तो रागावणार नाही, आणि रागावला तरी चालेल. त्याने एका दमात दोन परदेशी कंपन्यांची नावं सांगितली आणि म्हणाला, "आबा, बाकी सगळं कचरा आहे." मी विचारलं, "तू बँजो कधी हातात घेतलास का रे?" नाही. "त्याच्या तारा किती अंतरावर असतात माहीत आहे?" नाही. अरे, गिटारच्या पिकअपवर सहा तारांसाठी सहा चुंबकी खिळे असतात, प्रत्येक खिळा आपल्या तारेखाली. बँजोच्या तारा त्या खिळ्यांवर येतीलच असं नाही. दोन खिळ्यांच्या मधे पडलेली तार दबकी ऐकू येते. मग पिकअप दहा हजारांचा असो की लाखाचा! इथे खिळ्यांऐवजी अखंड पट्टीचा पिकअप हवा, म्हणजे तार कुठेही असली तरी तिचं ऐकलं जाईल. हे नातवालाच नंतर सापडलं, हेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल.

तिसरी गोष्ट त्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती. ती म्हणजे आपली वीज. एका कॉइलचा पिकअप तारेबरोबर आजूबाजूची वीजही ऐकतो आणि सतत हुंकारतो. आपल्याकडे ५० सायकलचा पुरवठा, म्हणून तो घुंईऽऽ असा आवाज. पुण्याच्या खोलीत तो थोडा असतो. इथे वरातीत जनरेटर, डोक्यावरच्या लाइटच्या माळा, अर्थिंगचा पत्ता नाही! या दुखण्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोडगा काढला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, वेढे उलटसुलट आणि चुंबकाची टोकंही उलटसुलट. तारेचा आवाज दोन्हींतून मिळून वाढतो, बाहेरचा हुंकार एकमेकांना खोडून काढतो. याला हंबकर म्हणतात. आमच्या भागात बँजो वाजवणाऱ्यासाठी ही चैन नाही, गरज आहे. पण दुकानात त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू वाजवतोस कुठे?

आता जरा नाजूक विषय. याच फेब्रुवारीत आमच्या घरात एक लग्न झालं. मी बँजो पार्टी सुचवली तेव्हा दोन-तीन तोंडं वाकडी झाली. "काका, ते खालच्या लोकांचं. आपल्याला शोभत नाही." मग भिंतीएवढा डीजे आला. माझ्या खिडकीची तावदानं थरथरली, धाकट्या भावाला बीपीची गोळी घेऊन आत जाऊन पडावं लागलं आणि नवरा-नवरी एकमेकांशी खुणांनी बोलत होती. हे मात्र शोभलं!

ज्यांना बँजो खालचा वाटतो त्यांच्या माहितीसाठी. हे वाद्य मूळ जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तायशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, टाइपरायटरसारख्या कळांचं. ते आपल्याकडे आलं, बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवर वीज जोडून बँजो झालं. कातडं मढवलेल्या अमेरिकी बँजोशी त्याचं नाव सोडून काही नातं नाही. त्यावर २०१६ मध्ये रवी जाधवांनी हिंदी सिनेमासुद्धा काढला. आणि नातवासाठी खास: १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची विजेची गिटार, जिला लोक फ्राइंग पॅन म्हणत, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. म्हणजे हा चुंबकी पिकअप बाजारात आला तोच आडव्या वाद्यावर बसून. बँजोवाल्याने त्याची चौकशी केली तर हसायचं कारण नाही.

हे मी दुसऱ्यांना सुनावतोय, पण माझंही एक देणं आहे. हा मुलगा नववीत असताना स्नेहसंमेलनात बँजो घेऊन आला होता. मी त्याला स्टेजवर चढू दिलं नाही. "हे काय रस्त्यावरचं आणलंस, त्यापेक्षा पाढे पाठ कर" असं चारचौघांत म्हणालो. तो विसरला असेल, मी विसरलेलो नाही. मीही त्याचं ऐकलं नव्हतंच की.

तर शेवटी आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आधी काहीही विकत घेतलं नाही. पिकअप तारांच्या फार जवळ होता, तो खाली घेतला. चुंबक फार जवळ असलं की तार ओढली जाते, सूर डळमळतो. लगेच थोडा फरक पडला. मग वायर तपासली, तिची वरची जाळी एका टोकाला तुटलेली होती. निम्मा हुंकार तिथे गेला. वायरही लांबलचक होती, ती आखूड केली, कारण लांब वायर वरचे सूर खाते. तारा गंजलेल्या होत्या, त्या बदलल्या. एवढ्याला तीनशेच्या आत खर्च आला. यानंतरही आवाज बोथटच राहिला, तेव्हा मात्र पिकअप बदलायचाच असं ठरलं.

निवडताना चार प्रश्न लिहून काढले. दोन कॉइलचा आहे का? पट्टीचा आहे का? वेढे बेताचे आहेत का? आणि कॉइल मेणात बुडवून काढलेली आहे का? हा चौथा प्रश्न महत्त्वाचा. बँजोवाला स्वतःच्या स्पीकरपुढे उभा असतो. वेढे सैल असले की त्या धक्क्याने तेही थरथरतात आणि कर्कश शिट्टी सुरू होते. मेणाने वेढे घट्ट बसतात. या चारही अटी पुऱ्या करणारा पिकअप मिळाला, परदेशी नावाशिवाय, त्या दहा हजारांच्या पाव किमतीत. हिंगोलीत मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराने डाख लावून तो बसवून दिला. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "माझ्या पोराच्या लग्नात वाजवा."

महागडे पिकअप वाईट असतात असं मी म्हणत नाही. नातवाच्या गिटारवर ते छान वाजत असतील. पण तो गेल्या चार वर्षांत तीन पिकअप बदलून बसलाय आणि गाणी त्याला अजून पाचच येतात, हेही इथे नोंदवतो. माझं म्हणणं एवढंच की आधी आपण काय वाजवतो, कुठे वाजवतो आणि कुणाला ऐकवतो हे ठरवा. आहे त्या वाद्याचं नीट ऐका. मग गरज उरली तर खिशात हात घाला.

परवा संध्याकाळी तो बँजो घेऊन अंगणात आला. आवाज बेताचाच ठेवला होता. एक जुनं भजन वाजवलं. स्वयंपाकघरातून हिने आतूनच ओळी धरल्या, बाहेर यायच्याही आधी. गाणं ओळखू आलं होतं!

वाजवून झाल्यावर मी त्याला स्नेहसंमेलनाचं विचारलं. तो खाली मान घालून वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आठवतंय की, गुरुजी. पाढे अजून पाठ न्हाईत."

पुढच्या महिन्यात घरात आणखी एक लग्न आहे. सुपारीचे अर्धे पैसे मी देऊन टाकलेत. ज्यांना शोभणार नाही, त्यांनी वरातीच्या मागून यावं.